लेकरू बोलत नाही, घास गिळत नाही, तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत जे बोलले ते अंकासाठी लिहून काढलं आहे. सभेत मध्येच आलेले प्रश्नही त्या त्या जागी घेतले आहेत. – क्षेत्र समन्वयक)



आजच्या विषयपत्रिकेत शेवटचा विषय 'आरोग्य' असा एकाच शब्दात लिहिलाय. परतफेडीचा आणि बँक कर्जाचा विषय संपला की अर्ध्या जणी पिशवी उचलतात हे मला माहीत आहे. म्हणून अध्यक्षताईंना सांगून चहा माझ्या बोलण्यानंतर ठेवायला लावलाय. आता कोणी उठू नका.

दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे. आपण त्यात बाईचं हिमोग्लोबिन बोलतो, बाळंतपण बोलतो, परसबाग बोलतो. लेकरांचं म्हटलं तर वजन आणि लस, इथं थांबतो. पण गावागावात गटाच्या बैठकीला बसताना मला सारखं एक दिसतं. एखादी ताई मागे बसते, तीन-साडेतीन वर्षांचं लेकरू मांडीवर, आणि कोणी विचारलं 'बोलतो का गं?' की ती म्हणते, 'सगळं कळतं त्याला, फक्त बोलत नाही.' दुसरी एखादी बैठकीला येतच नाही, कारण घरातल्या लेकराला भरवायलाच दोन-दोन तास जातात. या दोघींच्या अडचणीवर उपाय करणारा माणूस एकच असतो. त्याला स्पीच थेरपिस्ट म्हणतात, मराठीत वाचा-उपचारतज्ज्ञ. नाव 'वाचा' असलं तरी घास चावणं, गिळणं हेही तोच बघतो. आणि ते साहजिक आहे. ओठ, जीभ, टाळू, जबडा हीच सगळी अवजारं जेवायलाही लागतात आणि बोलायलाही.

हा विषय आत्ताच का घेतला ते सांगते. दसरा तोंडावर आलाय. उचल घेतलेल्या टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतील, सांगली-कोल्हापूरकडं, काही कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने ती लेकरं आपल्या अंगणवाडीत दिसणार नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्यातली एक फेरी नेमकी ऊसतोडीच्या दिवसांत आली, की ज्या लेकराला खरंच तपासायला हवं होतं ते फडावर असतं. आणि लेकराच्या पहिल्या तीन वर्षांतले सहा महिने म्हणजे थोडे दिवस नव्हेत. या वयात मेंदू भाषा जेवढी पटकन उचलतो तेवढी पुढं उचलत नाही. म्हणून निघायच्या आधीचे हे तीन-चार आठवडे मला महत्त्वाचे वाटतात.

आता पहिला प्रश्न, कुठल्या लेकराला दाखवायचं? 'मुलगे उशिरा बोलतात', 'त्याचा बापही चार वर्षांचा झाल्यावर बोलला', ही दोन वाक्यं मी प्रत्येक गावात ऐकते. काही लेकरं खरंच थोडी उशिरा बोलतात. पण आपलं लेकरू त्यातलं आहे की नाही हे घरी बसून ठरवता येत नाही, तपासूनच कळतं. साधा हिशोब असा धरा. सहा-सात महिन्यांत बाळ 'बा-बा, दा-दा' असं बडबडायला लागतं. वर्षाचं होईपर्यंत नावानं हाक मारली की वळतं, टाटा करतं, हवं त्याकडं बोट दाखवतं. हे वर्षापर्यंत काहीच नसेल तर दाखवायचं. सोळा महिन्यांपर्यंत अर्थाचा एकही शब्द नाही, दाखवायचं. दोन वर्षांचं झालं आणि 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, दाखवायचं. आणि बोलणारं लेकरू कुठल्याही वयात बोलायचं थांबलं, आधी येत होते ते शब्द गेले, तर पुढच्या महिन्याची वाट बघायची नाही. त्याच आठवड्यात दाखवायचं.

बोट दाखवणं मी मुद्दाम सांगितलं. बोलण्याच्या आधी लेकरू इशाऱ्यानं बोलतं. ते बोट दाखवून आईच्या तोंडाकडं बघतं, 'तुला पण दिसलं का?' म्हणून. जे लेकरू बोटही दाखवत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, हाकेला वळत नाही, एकच वस्तू तासन् तास फिरवत बसतं, त्याला नुसतं 'हट्टी' म्हणून सोडू नका. ते स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं लक्षण असू शकतं.

सगळ्यात आधी मात्र कान. एका मावशींनी मागच्या वेळी सांगितलं होतं, 'आम्ही मागून थाळी वाजवून बघितली, वळला की!' मावशी, थाळी जमिनीवर आपटली की जमीन हादरते, हवा लागते, सावली हलते. लेकरू हुशार असतं, ते त्यालाच वळतं. शिवाय काही लेकरांना ढोलाचा, गाडीचा आवाज येतो पण 'स', 'फ', 'क' असे बारीक आवाज येतच नाहीत. त्याला बोलणं ऐकू येतं ते अर्धवट, मग ते बोलणारही अर्धवटच. म्हणून मशीनवरचीच तपासणी हवी. एक ओएई नावाची असते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटं बोंड घालून काही मिनिटांत होते. सुई नाही, दुखणं नाही. त्यात शंका आली तर बेरा करतात. नियम असा आहे की जन्मल्यावर महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू. आपल्याकडं बाळंतपण झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतो आणि कान राहून जातो. पुढच्या वेळी सुनेला, लेकीला डिस्चार्ज देताना विचारा, 'बाळाच्या कानाची तपासणी झाली का?' एवढं एक वाक्य. बाळ कमी वजनाचं असेल, काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ जास्त झाली असेल, मेंदूज्वर झाला असेल किंवा घरात आणखी कोणाला जन्मापासून ऐकू येत नसेल, तर हे विचारल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.

वरचेवर कान फुटणाऱ्या लेकरांचंही तसंच. त्यात गरम तेल घालू नका. पडद्यामागं पाणी साचलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, आणि लेकरू शाळेत 'लक्ष देत नाही' ठरतं.

आता आपल्या घरगुती उपायांबद्दल बोलते. रागावू नका. वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळणं, पोपटानं उष्टावलेला पेरू खायला देणं, जिभेखालची दोरी कापून आणणं. यातला पेरू मला आवडतो, त्यानं निदान पोट तरी भरतं. पण मध वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नये. त्यातल्या जंतूंमुळं एवढ्या लहान बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. जिभेच्या दोरीचं म्हणाल, तर ती फारच आखूड असेल तर काही बाळांना अंगावर पिताना अडचण येते, क्वचित एखाद-दुसरा उच्चार अडतो, आणि तेव्हा डॉक्टर कापतातही. पण जे लेकरू मुळात एकही शब्द बोलत नाही, ते दोरी कापून बोलायला लागत नाही. शब्द जिभेवर यायच्या आधी कानातून डोक्यात जावे लागतात. आपल्या ओळखीतल्या एका घरानं शहरातल्या एका माणसाला 'जीभ मोकळी करायचे' चांगले पैसे मोजले आणि दीड वर्ष गेलं. पैसे मिळतीलही परत, दीड वर्ष नाही मिळत. स्पीच थेरपिस्टची पदवी असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्याची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आपण गॅसची शेगडी घेताना पावती मागतो ना!

आणि देव-नवस? करा. फक्त नवसाच्या आधी कानाची तपासणी करा.

आता घासाकडं येते, कारण याविषयी कोणीच बोलत नाही. अंगणवाडीच्या सॅम-मॅमच्या यादीत एखादं लेकरू महिनोन् महिने तिथंच असतं. सगळे आईला बोलतात, 'नीट खाऊ घालत नाही.' मला वाटतं, त्या यादीतल्या प्रत्येक लेकराबद्दल आपण एक प्रश्न विचारायला पाहिजे: याला चावता-गिळता येतं का? कारण काही लेकरांना ताटात सगळं असूनही ते पोटात पोचवता येत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेली लेकरं, म्हणजे जन्माच्या आधी, जन्मताना किंवा नंतर लवकर मेंदूला इजा झाल्यानं ज्यांचे हात-पाय, मान कडक किंवा सैल असतात. खूप आधी जन्मलेली लेकरं. डाउन सिंड्रोम असलेली, टाळू फाटलेली. त्यांची जीभ घास मागं ढकलायच्या ऐवजी बाहेर ढकलते, ओठ मिटत नाहीत, लाळ गळत राहते. आपल्याला वाटतं त्याला नकोय. त्याला हवं असतं.

ओळखायचं कसं? जेवताना रोज ठसका लागतो. डोळ्यांत पाणी येतं, रंग बदलतो. पाणी पिल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो. एकेक जेवण तासभर चालतं. वजन हलत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी छाती भरते, न्यूमोनिया होतो. अन्न किंवा पाणी अन्ननलिकेत जायच्या ऐवजी थोडं थोडं श्वासनलिकेत जात असतं. काही लेकरांना तर ठसकाही लागत नाही, गुपचूप छातीत जातं.

एका गावातलं सांगते. नाव-गाव सांगत नाही. चार वर्षांची मुलगी, सेरेब्रल पाल्सी. आई-बाप मजुरीला जातात, आजी भरवते. आजी तिला मांडीवर आडवी घ्यायची, मान हाताच्या घडीवरून मागं, आणि दूध-भाकरी पातळ कुस्करून वाटीनं तोंडात सोडायची. मायेनं, अगदी देवाचं काम केल्यासारखं. एका हिवाळ्यात पोरीला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. जिल्हा रुग्णालयातल्या थेरपिस्ट ताईंनी आधी काही सांगितलंच नाही. म्हणाल्या, 'डबा आणलाय ना, भरवा बरं माझ्यासमोर.' दहा मिनिटं नुसतं बघितलं. मग एकेक गोष्ट बदलली.

पहिली, बसणं. आडवं नाही, सरळ. कंबर, गुडघे आणि पाऊल काटकोनात, पायाखाली पाट. घरात खुर्ची नव्हती म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात बसवून दोन्ही बाजूंनी गोधडीच्या गुंडाळ्या लावल्या. कोपरा दोन्ही खांदे पुढं धरतो, त्यामुळं लेकरू मागं ताठ होत नाही. मान मागं टाकलेली असली की श्वासाची वाट उघडी पडते आणि गिळणं अवघड होतं. तुम्ही आत्ता करून बघा. वर छताकडं बघा आणि थुंकी गिळा. जमतंय? आता हनुवटी जरा खाली घेऊन गिळा. (सभेत सगळ्यांनी करून बघितलं आणि बराच हशा झाला. पण कळलं.)

दुसरी, भरवणारी बाई समोर, लेकराच्या डोळ्यांच्या पातळीला. उभं राहून वरून भरवलं की लेकरू वर बघतं, परत मान मागं. चमचा छोटा आणि उथळ, अर्धाच भरलेला. जिभेच्या मध्यावर ठेवून किंचित दाबायचा, ओठ मिटेपर्यंत थांबायचं, मग सरळ बाहेर काढायचा. वरच्या दाताला किंवा टाळूला खरवडून काढायचा नाही. आणि आधीचा घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. आजीला हेच सगळ्यात अवघड गेलं, कारण तिला वाटायचं तोंड उघडलंय तोवर घालून घ्यावं.

तिसरी, अन्न कसं आहे. पाणी सगळ्यात अवघड, कारण ते सावरायच्या आत पळतं. आणि त्याहून वाईट म्हणजे पातळ आणि घट्ट एकत्र. पातळ दुधात भाकरीचे तुकडे, पातळ वरणात मोकळा भात. दूध पुढं पळतं आणि तुकडा मागं राहतो. त्याऐवजी सगळं एकजीव: मऊ खिचडी घोटून, भाकरी दुधात भिजू देऊन पूर्ण कुस्करून खिरीसारखी दाट, ज्वारीच्या पिठाची दाट पेज, वरण-भात मळून, वरून चमचाभर तेल किंवा तूप. शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, कच्चं गाजर, द्राक्षं अशा लेकराच्या हातात देऊच नका. पाणी किती आणि कसं द्यायचं, दाट करून द्यायचं का, हे मात्र थेरपिस्टला विचारूनच, कारण ते प्रत्येक लेकराचं वेगळं असतं.

चौथी, वेळ. अर्ध्या तासात जेवण थांबवायचं. लेकरू दमलं की गिळण्यात चुकतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. जेवल्यावर निदान अर्धा तास बसतं ठेवायचं, लगेच झोळीत टाकायचं नाही. रडताना आणि झोपेत भरवायचं नाही. नाक दाबून तर कधीच नाही.

ती मुलगी आज बोलत नाही आणि चालतही नाही. तसं कोणी वचनही दिलं नव्हतं. पण जेवण आता अर्ध्या तासात उरकतं, आणि गेला हिवाळा घरीच गेला. आजी म्हणाली, 'आता ती जेवताना माझ्याकडं बघून हसते. आधी आढ्याकडं बघायची.'

ठसक्याचं एक महत्त्वाचं. लेकरू जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्या, पुढं वाकवा, वरून पाणी ओतू नका. आवाज, खोकला, रडणं सगळंच बंद झालं तर मात्र घास अडकलाय. वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच थापा द्यायच्या. घास दिसत नसताना बोट घालून ढवळायचं नाही, तो आणखी आत जातो. आशाताईंनी पुढच्या सभेत बाहुलीवर हे सगळं करून दाखवायचं कबूल केलंय.

फाटलेला ओठ आणि टाळूबद्दल एका ताईंनी विचारलं, 'ग्रहणात भाजी चिरली म्हणून होतं ना?' नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा ओठ आणि टाळू जुळायचा असतो, तो जुळत नाही. ग्रहणाचा, विळीचा, आईनं ग्रहणात काय केलं याचा संबंध नाही. ज्या सुनेला असं बाळ झालंय तिला आधीच रडू आवरत नसतं, तिच्यापुढं ग्रहण काढू नका. टाळू फाटलेल्या बाळाला तोंडात ओढ तयार करता येत नाही, म्हणून ते अंगावर नीट पिऊ शकत नाही, दूध नाकातून येतं. आईनं दूध वाटीत काढायचं आणि बाळाला जवळपास बसतं धरून चमच्यानं किंवा बोंडल्यानं थोडं थोडं पाजायचं, मधे मधे ढेकर काढायची. बोंडलं चांगलं, पण बाळ आडवं ठेवून आत ओतायचं नाही. ओठाला टेकवून बाळ ओढेल तेवढंच. ओठाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. स्माइल ट्रेन ही संस्था अनेक रुग्णालयांतून ही ऑपरेशनं मोफत करवते. टाळू शिवला की काम संपलं असं मात्र समजू नका. नाकात बोलायची सवय मोडायला पुढं स्पीच थेरपी लागतेच.

आता घरी काय करायचं. थेरपिस्ट आठवड्यातून पाऊण तास भेटणार, तेही जमलं तर. उरलेला आठवडा लेकरू तुमच्याजवळ असतं. म्हणून खरी थेरपी घरात आणि कोपीवर होते. वेगळा वेळ काढा असं मी म्हणणार नाही, ऊसतोडीला पहाटे चारला उठणाऱ्या बाईला वेळ काढा म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. जे काम करताय ते बोलत करा. पीठ मळताना 'पीठ. पाणी ओतलं. मळू मळू.' शेळीला पाला टाकताना 'शेळी खा. शेळीनं खाल्लं.' छोटी वाक्यं, तीच तीच, त्याच्या तोंडासमोर बसून. लेकरू ज्याच्याकडं बघतंय त्याचं नाव घ्या. तुम्हाला शिकवायचंय त्याचं नाही, त्याला आवडलंय त्याचं.

आणि थांबा. एक गोष्ट विचारली की मनात दहा अंक मोजा. आपण दोनपर्यंत मोजतो आणि त्याचं उत्तर आपणच देऊन टाकतो. त्याला बोलायची गरजच उरत नाही. पाण्याचा गडू समोर धरा, लगेच देऊ नका, बघा तो काय करतो. हात केला, आवाज काढला, तुमच्याकडं बघितलं, काहीही केलं तरी ते बोलणंच आहे. 'पाणी! पाणी पाहिजे' म्हणा आणि द्या. तो 'पा' म्हणाला तर 'पाणी', 'पाणी' म्हणाला तर 'गार पाणी'. एक पायरी पुढं, एवढंच. पाहुण्यांपुढं 'म्हण, म्हण ना, काका म्हण' असं करू नका. मला सांगा, चारचौघांत कोणी तुम्हाला 'गाणं म्हण' म्हणून धरलं तर आवाज फुटतो का?

तोतरं बोलणाऱ्या लेकरालाही 'नीट बोल, हळू बोल' म्हणू नका. त्याचं वाक्य त्यालाच संपवू द्या आणि तोवर त्याच्याकडं बघत राहा.

खुणा आणि चित्रं वापरली तर लेकरू आळशी होईल, बोलणारच नाही, ही भीती बऱ्याच जणींना असते. तसं होत नाही. बिस्किटाच्या पुड्याचं, साबणाचं वेष्टण कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. त्याला भूक सांगता आली की त्याचं डोकं आपटणं, चावणं कमी होतं, आणि शब्दांनाही मदतच होते.

तांड्यावरच्या ताईंनी विचारलं, 'आम्ही घरी गोरमाटी बोलतो, अंगणवाडीत मराठी, त्यामुळं गोंधळला असेल का?' नाही ताई. दोन भाषांमुळं बोलणं अडत नाही. ज्या भाषेत तुम्ही त्याला जोजवता, रागावता, हसवता त्याच भाषेत भरपूर बोला. कोणी घरची भाषा बंद करा म्हटलं तर ऐकू नका.

मोबाईलबद्दल सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत मोबाईल-टीव्ही नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर बरंच. मोबाईल बोलतो, पण उत्तराची वाट बघत नाही. आणि मोबाईल बघत भरवलेलं लेकरू तोंडात घास आहे हेच विसरतं.

आता जायचं कुठं आणि पैसे कुठून. आधी अंगणवाडी ताई किंवा आशाताई. त्यांच्यामार्फत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात मोफत होते. पथकाची वाट न बघता ग्रामीण रुग्णालयातही जाता येतं. तिथून चिठ्ठी मिळते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी विभागाची. कानाची तपासणी, स्पीच थेरपी, फिजिओथेरपी एकाच छताखाली, हा त्या विभागाचा उद्देश. जायच्या आधी फोन करून थेरपिस्ट कुठल्या वारी असतात ते विचारा. एक ताई तीन वेळा गेली आणि तिन्ही वेळा बंद दार बघून आली, असं आपल्याकडं घडलंय. मुंबईला वांद्र्यात अलीयावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, वाचा आणि श्रवण यासाठीच. फार गुंतागुंत असेल तर तिथपर्यंत जाता येतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात ऐकण्याचं, वाचा-भाषेचं, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी सगळं आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय आरोग्य विमा मिळतो, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. शाळेत घातल्यावर गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक विचारा. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेत एकीनं उभं राहून विचारा, गेल्या वर्षी ते कशावर झाले. एकटी उभी राहिली तर 'खाली बसा बाई' म्हणतात. ग्रामसंघ उभा राहिला तर वही उघडतात.

उपचार मोफत आहे, तरी लोक जात नाहीत, कारण मजुरी बुडते. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, पण बुडालेल्या रोजाचं काय? ग्रामसंघाकडं जोखीमप्रवणता निधी आहे. एका सभेत मी हा विषय काढला तेव्हा एक ताई म्हणाल्या, 'हा निधी अडचणीच्या वेळेसाठी आहे, रोजच्या दवाखान्यासाठी नाही.' त्यांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही, निधी थोडाच असतो. पण घर जळालं तर देतो आणि लेकराचं बोलायचं वय जळत असलं तर देत नाही, हे मला पटत नाही. निर्णय तुमचा आहे. मी एवढंच सुचवते की आजच्या ठरावात 'दिव्यांग बालकाच्या उपचारासाठी प्रवास' हे शब्द घालावेत, रक्कम ग्रामसंघानं ठरवावी.

तुम्ही म्हणाल, ही कालची पोरगी, लग्न नाही, लेकरू नाही, आम्हाला भरवायला शिकवते. बरोबर आहे. यातलं बरंचसं मी थेरपिस्ट ताईंच्या शेजारी बसून आणि तुमच्यातल्याच आयांकडून शिकलेय.

फडावर जाणाऱ्यांसाठी शेवटचं. निघायच्या आधी लेकराची फाईल, प्रमाणपत्र, तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्याजवळ ठेवा, ट्रॅक्टरमधल्या सामानात टाकू नका. श्रवणयंत्र असेल तर जास्तीचे सेल घ्या, रात्री ते डबीत कोरडं ठेवा, आणि धूळ आहे म्हणून काढून ठेवू नका. काढलं की ऐकणं बंद. थेरपिस्टला विचारा की महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बघाल का. काही जण बघतात. पोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत नाव सांगा. आणि फडावर मागं राहणाऱ्या मोठ्या बहिणीला, जी दहा-बारा वर्षांची असते आणि जिच्यावर सगळं सोडून तुम्ही जाता, तिला कसं बसवायचं आणि चमचा कसा धरायचा हे निघायच्या आधी चार वेळा करायला लावा. खरं तर ती शाळेत हवी, तो विषय मी पुढच्या महिन्यात काढणार आहे.

दाराजवळ सीआरपी ताई वही घेऊन बसल्यात. ज्यांच्या घरात किंवा शेजारी असं लेकरू आहे त्यांनी नाव, वय आणि टोळी कधी निघणार ती तारीख लिहून द्या. दसऱ्याच्या आधी दोन गाड्या जिल्ह्याला न्यायचं ठरवलंय, एका गाडीत पाच आया आणि पाच लेकरं. शेजारणीचं नाव तिला विचारूनच लिहा. आता चहा.